पापणीवरचं केशर

आमच्या घरात मुलगी बघायला माणसं आली की आधी तिचे डोळे बघायची. काळे की घारे, मोठे की बारीक, ते नव्हे. नाकाजवळच्या कोपऱ्यात, वरच्या पापणीवर पिवळा डाग आहे का, ते. आम्ही त्याला केशर म्हणायचो. पूजेच्या वाटीत बोट बुडवून कुणी हळूच टेकवावं, तेवढाच डाग. ज्याच्या पापणीवर केशर त्याच्या हाताला यश, असं माझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलं आणि त्यांनी मला. दुकानातली सकाळची बोहनी केशरवाल्यानं करायची, नव्या वस्तूला पहिला हात त्यानंच लावायचा. मी सून म्हणून आले तेव्हा माझ्या पापण्या कोऱ्या होत्या. सासूबाई वर्षभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. ते मी अजून विसरलेली नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

माझं नाव जतनबाई. जळगावच्या दाणाबाजारात आमचं धान्याचं दुकान आणि त्याच्या मागे घर. माझे मालक मोहनलाल, त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर केशर होतं. एकोणचाळिसाव्या वर्षी दुकानात गादीवर बसल्या बसल्या गेले. सासरे चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले होते. चुलतसासरे एक्केचाळिसाव्या. तिघांच्याही पापण्या पिवळ्या. आणि तरी या दोन गोष्टी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी शेजारी शेजारी आल्या नाहीत. मी तरी कुठली मोठी शहाणी! पुण्यवान माणसाचा मुक्काम थोडाच असतो, असं भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या आणि मी मान हलवली. आज त्या मान हलवण्याचा संताप येतो.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालातली. माझी एकुलती एक मुलगी लाडकुंवर तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आदल्या दिवाळीच्या सुमारास तिच्या डाव्या पापणीवर केशर उमटलं. घरात पेढे वाटले. चार महिन्यांत धुळ्याहून स्थळ चालून आलं. मुलगा सुरेशचंद, चोवीस वर्षांचा, आग्रा रोडवर कापडाचं दुकान, हसरा, निर्व्यसनी, आणि दोन्ही पापण्यांवर ठळक केशर. त्याचे वडील नव्हते. आई सायरबाई मुलगी बघायला आल्या. त्यांनी लाडकुंवरला खिडकीशी नेलं, हनुवटी वर केली, चष्म्याच्या काचेतून तिच्या डोळ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि त्यांना रडूच आलं. मला वाटलं, आनंदानं. त्याच दिवशी श्रीफळ देऊन सगाई झाली. लग्न वैशाखात ठरलं.

फाल्गुनात माझे धाकटे दीर भिकमचंद दुकानात पोत्यांच्या थप्पीवर कलले. छातीत कळ, अंगभर घाम, तोंड राखेसारखं. वय सदतीस. मोहनलाल गेल्यापासून सगळं घर त्यांच्याच जिवावर होतं. गल्लीच्या टोकाला डॉक्टर पंडित चौधरींचा दवाखाना नवाच निघाला होता. लेवा पाटलाचा मुलगा, मुंबईला शिकून आलेला. बापानं पंडित नाव ठेवलं आणि मुलानं ते खरं करून दाखवलं, असं लोक म्हणायचे. आम्ही दिरांना खुर्चीवर बसवून तिकडे नेलं.

दोन तासांनी कळ थांबली. डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांचा कागद काढला, बघितला, घडी करून ठेवला. मग हातात बॅटरी घेऊन ते दिरांच्या पापण्यांवर वाकले. तिथून सरळ पायांकडे गेले. मोजा काढून टाचेच्या मागची शीर चिमटीत धरली.

"इथे ही गाठ कधीपासून आहे?"

"वहाण घासते," दीर म्हणाले.

"दोन्ही पायांना सारखीच घासते?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "घरात आणखी कुणाच्या पापणीवर असे डाग आहेत?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "सगळ्या घराण्याला आहेत. ती आमची खूणच आहे. यांच्या भावाला होते, वडिलांना होते, काकांना होते. माझ्या मुलीला आत्ताच आलंय."

"भाऊ, वडील, काका. हे आता कुठे आहेत?"

"गेले."

"कितव्या वर्षी?"

मी सांगायला लागले. एकोणचाळीस. चव्वेचाळीस. तिसरा आकडा तोंडातून निघता निघता अडकला. पलंगावर दीर डोळे मिटून पडले होते, आणि त्यांच्या मिटलेल्या पापण्यांवरचे ते दोन पिवळे डाग मला पहिल्यांदा किळसवाणे वाटले.

डॉक्टरांनी दिरांचं रक्त तपासलं. आकडा आला चारशे दहा. अडीचशेच्या आत हवा, म्हणे. कोलेस्टेरॉल हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. रक्तातली एक प्रकारची चरबी. वाढली की नसांच्या आतून चिकटत जाते, आणि एक दिवस हृदयाची नस बंद पडते.

मला पटेना. मी भांडायलाच उठले. "डॉक्टर, आमच्याकडे कांदा-लसूण शिजत नाही. अंड्याचं नाव निघत नाही. सूर्य मावळला की तोंडात पाण्याशिवाय काही नाही. आणि चरबी आमच्या रक्तात?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "बाटीवर तूप किती घालता? साय, लोणी, मिठाई? आणि तुपाऐवजी त्या वनस्पती तुपाचा डबा आणला तर तेही तेच. दिवसभर गादीवर बसून माणूस हलत नाही, पोट सुटतं, विडी ओढतो, वय वाढतं, त्या सगळ्यानं हा आकडा चढतो. बायकांचा गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी चढतो. पण तुमच्या घरात मूळ कारण ते नाही. ही चरबी रक्तातून हटवायची जी ताकद असते, तीच तुमच्याकडे जन्मापासून अर्धी आहे. आई किंवा बापाकडून मुलांत येते. तूप त्यात भर घालतं, इतकंच. रक्तात मावत नाही तेव्हा ती टाचेवर बसते, पापणीवर बसते. तुम्ही ज्याला केशर म्हणता ना, ती हीच."

मी घरी आले आणि देवापुढच्या केशराच्या वाटीकडे बघवेना.

पथ्य सांगितलं ते आमच्याकडे आधीपासूनच होतं. तूप नाही, दूध नाही, तेल नाही, तळण नाही, नुसतं उकडलेलं धान्य. आम्हा जैनांत त्याला आयंबिल म्हणतात. चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवस आम्ही ते व्रत म्हणून करायचो आणि दहाव्या दिवशी शिऱ्यात तूप ओतून सगळं वसूल करायचो. दिरांनी डॉक्टरचं पथ्य मानलं नसतं. मी म्हटलं, आयंबिल समजा. मग मानलं. सकाळी धोतर सावरत स्टेशनपर्यंत चालायला लागले. ओळखीचे लोक विचारत, शेठजी, कुणाला घ्यायला निघालात?

मंजुळाबाई धरणगावाकडच्या खेड्यातून दर गुरुवारी लोणी घेऊन यायची. मी तिला नको म्हटलं तेव्हा डोक्यावरचं मडकं खाली उतरवून ती ओट्यावर फतकल मारून बसली.

"का वं शेठानी, मन्हा लोनीमा काय खोट शे? बठ्ठा गाव खास, कोनले काही व्हयनं नही. मी सत्तरनी शे, देख, दात बठ्ठा शाबूत शेतस."

अख्खा गाव तिचं लोणी खायचा आणि कुणाला काही झालं नव्हतं, आणि सत्तरीतही तिचे दात खरोखर शाबूत होते. रोज कोसांचे कोस चालायची, लोणी विकायची आणि स्वतः भाकर-मिरची खायची. मला तिचा राग आला. असा बिनकामाचा राग आयुष्यात मी फार वेळा केलेला आहे. तिला मी दुप्पट ज्वारी देऊन वाटेला लावलं आणि आत जाऊन रडले.

कारण तोवर लाडकुंवरचं रक्त तपासून झालं होतं. तीनशे अडुसष्ट.

मी एकटीच डॉक्टरांपुढे बसले होते. त्यांनी धीर दिला. मुलगी लहान आहे, आत्तापासून पथ्य, चालणं, दर वर्षी तपासणी. बायकांना बाप्यांपेक्षा काही वर्षं जास्त मिळतात. मी विचारलं, "लग्न?"

"करा की. मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी-निम्मी. उतरलं तर लवकर कळेल, लवकर सांभाळता येईल. फक्त एक बघा. नवऱ्याच्या घरात हे नसावं."

डॉक्टरांना सगाईचं ठाऊक नव्हतं. ते आपले सांगत राहिले. मुंबईला शिकत असताना त्यांच्या वॉर्डात आठ वर्षांचा एक मुलगा होता. कोपरांवर, गुडघ्यांवर बोरांएवढ्या पिवळ्या गाठी. आई आणि बाप, दोघांच्याही पापण्या पिवळ्या. दोघांकडून आलं की ती अर्धी ताकदसुद्धा उरत नाही. आकडा आठशे, नऊशे. चार मुलांत एक तरी असं निघू शकतं. अशा मुलाला म्हाताऱ्या माणसासारखा झटका येतो.

"त्याला पथ्य नाही दिलं?" मी विचारलं.

"दिलं. त्या मुलांना पथ्यानं काही होत नाही. मी त्या वॉर्डात असतानाच तो गेला."

भीती म्हणजे काय ते मला मालक गेले तेव्हासुद्धा कळलं नव्हतं. ते गेले तेव्हा सगळं एकदम झालं, भ्यायला वेळच मिळाला नाही. आता मात्र वेळच वेळ होता. लग्नाला सात आठवडे होते. नंतर वर्षभरात पाळणा हलला असता. मग चार-पाच वर्षं कोपरं आणि गुडघे बघत बसायचं. अजून न जन्मलेल्या त्या लेकराचे गुडघे मला भर बाजारात डोळ्यांपुढे दिसायला लागले.

मी भिकमचंदांना सगळं सांगितलं. सोयरीक मोडू या म्हटलं. ते पाटावर बसले होते, पुढे उकडलेल्या मुगाची वाटी. एक हात छातीवर. तो हात आताशा तिथेच असायचा.

"भाभी, मोडायचं कारण काय सांगणार?"

"खरं ते."

"खरं ते! आज तुम्ही बोलाल, उद्या पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंत समाजात एकच बोलणं होईल, की यांचं केशर म्हणजे रोग. माझ्या दोन मुली आहेत. एकीच्या पापणीवर आत्ताच दिसायला लागलंय. त्यांना कोण करून घेणार? लाडकुंवरला तरी कोण करून घेणार? मी किती दिवस आहे ते मला ठाऊक नाही. माझ्यामागे या मुलींना दारात बसवू नका. तोंडातून शब्द काढायचा नाही."

ते वाईट नव्हते. ते भ्यायले होते, आणि त्यांचं भय खोटं नव्हतं. दोन भयं एका घरात समोरासमोर बसली होती आणि मधे मुगाची वाटी गार होत होती.

लाडकुंवरला मात्र मी सांगून टाकलं. तिला वाटत होतं, लग्नात बारीक दिसावं म्हणून बाई माझं तूप तोडतेय; आईला आमच्यात बाई म्हणतात. सगळं ऐकल्यावर ती मोरीत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेले. ती अंगाचा साबण लावून पंच्यानं पापणी घासत होती. कातडी लाल झाली होती, डोळा सुजला होता, आणि त्या लालीत डाग होता तसाच पिवळा.

"जात नाही गं बाई," ती म्हणाली. "तू धुळ्याला जा. माझं कसंही होऊ दे."

दुसऱ्या दिवशी दिरांना मी सांगितलं की तिकडच्या बायकांच्या चोळ्यांची मापं घ्यायला धुळ्याला जाऊन येते. आमच्यात विधवा बाईनं सोयऱ्यांच्या घरी असं एकटीनं जायची रीत नाही. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मीही बघितलं. शेवटी त्यांनीच मान खाली घातली.

एसटीत तीन तास मी एकच वाक्य पाठ करत होते आणि ते दर मैलाला बदलत होतं. एरंडोलला वाटलं, उतरावं आणि मागे फिरावं. पारोळ्याला पुन्हा तेच वाटलं. घाबरट तर मी आहेच, पण घाबरट माणूससुद्धा एकदा बसमध्ये बसला की बसच त्याला घेऊन जाते. अकराच्या सुमाराला मी आग्रा रोडवर उभी होते.

खाली दुकान, वर घर. सुरेशचंद गादीवरून उठून आला, वाकून पाया पडला. "बाई वर आहे, जेवूनच जायचं हं," म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या पापण्या खाली आल्या. मला बघवेना. मी भराभरा जिना चढले.

सायरबाईंनी मला हाताला धरून आत नेलं. विहिणीला आमच्यात ब्याणजी म्हणतात. "या ब्याणजी, या," म्हणत त्यांनी मुगाच्या पिठाचे लाडू पुढे केले. बोटांना तूप लागत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही एकट्या आलात. तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं होतं. सगाईत इतक्या माणसांत बोलता आलं नाही."

कपाटातून त्यांनी एक फोटो काढला आणि पदरानं पुसून माझ्या हातात दिला. खुर्चीवर बसलेली आठ वर्षांची मुलगी. झगा, दोन वेण्या. चेहरा ओढलेला.

"सुरेशच्या आधीची. पुष्पा." सायरबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "फोटोत रंग येत नाही, नाहीतर तुम्ही बघत राहिला असता. हे कोपर बघा. हे गुडघे. चौथ्या वर्षापासून तिला सगळीकडे केशर यायला लागलं. कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचांवर, बोटांच्या पेरांवर. असं लेकरू कुणी बघितलं नव्हतं. बायका तिला पद्मावतीदेवी म्हणायच्या, दर्शनाला यायच्या. सासूबाई म्हणायच्या, दोन घरांचं केशर एकत्र आलं म्हणून देवानं भरभरून दिलं." त्यांनी चष्मा काढला. दोन्ही पापण्या पिवळ्या. "मलाही आहे. त्यासाठीच तर मला या घरात करून घेतली."

"आणि पुष्पा?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं.

"नवव्या वर्षी गेली. दारात खेळत होती." त्यांनी फोटो माझ्या हातातून परत घेतला. "सोळा वर्षं झाली. सुरेशसाठी मी मुली बघत होते, पण मन लागत नव्हतं. मग तुमच्या लाडकुंवरचा डोळा बघितला आणि मला रडूच आलं. म्हटलं, आता पुन्हा दोन्हीकडचं केशर एकत्र येईल. आता माझी पुष्पा परत येईल."

ही बाई जे मागत होती त्याच्याच भयानं मी तीन तास बसमध्ये बसून आले होते. हातातला लाडू मी ताटलीत ठेवला. पाठ केलेली सगळी वाक्यं पळाली. मी एवढंच म्हणाले, "ब्याणजी, ते केशर नाही."

मग जे आलं ते मी सांगत गेले. नीट सांगता आलं नाही. मधेच चारशे दहा म्हणाले, मधेच मुंबईच्या वॉर्डातला मुलगा. सायरबाईंचा चेहरा आधी गोंधळला, मग कठीण झाला.

"सोयरीक नको असेल तर सरळ सांगा," त्या म्हणाल्या. "मोठं स्थळ मिळालं असेल. पण माझ्या गेलेल्या लेकीला रोगी म्हणू नका. लोक तिच्या पाया पडायचे."

"तुमचे मालक कितव्या वर्षी गेले?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा ना."

"बेचाळीस."

"त्यांना भाऊ होते?"

"थोरले. पस्तीस. माझे वडील एकावन्न. पण ते तर..." वाक्य पुरं झालं नाही. त्यांच्या ओठांची हालचाल चालू राहिली, आवाज मात्र येईना. मी तो चेहरा ओळखत होते. डॉक्टरांच्या पुढ्यात माझाही असाच झाला असणार.

खालून दुकानातलं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी कापड फाडलं. सायरबाई बोलल्या ते माझ्याकडे न बघता.

"ती जिना चढायची नाही. चौथ्या पायरीवर बसायची. म्हणायची, बाई, छाती दुखते. मला वाटायचं, अशक्त आहे. मी तिला तिथेच पायरीवर बसवून तुपाची वाटी पाजायची. रोज. ती नको म्हणायची आणि मी नाक दाबून पाजायची." आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी मारलं का तिला?"

माझी जीभ फटकळ म्हणून सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. त्या क्षणी मी तिला आयुष्यात पहिल्यांदा जपून वापरली. आणि देवाची कृपा, की खोटं बोलायची वेळ आली नाही.

"नाही. डॉक्टरांना मी हेच विचारलं होतं. अशा मुलांना पथ्यानं काही होत नाही. तूप पाजलं नसतंत तरी ती राहिली नसती."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा हात धरला. मग त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि सगाईचं श्रीफळ आणि लाल कापड घेऊन आल्या. ते त्यांनी माझ्या ओटीत ठेवलं.

"तुमच्या घराचं नाव घेऊ नका. सांगा, मुलात खोट निघाली म्हणून आम्ही मोडली. मीही तेच सांगीन."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. माझी लाडकुंवर होती, दिरांच्या दोन मुली होत्या. मी श्रीफळ पिशवीत घातलं. आपल्या लेकीसाठी दुसऱ्याच्या लेकाचं नाव खराब होऊ दिलं, याची लाज मला तेव्हाही वाटली आणि आजही वाटते.

तेवढ्यात सुरेशचंद जेवायला वर आला. पलीकडच्या खोलीत त्याचं ताट वाढलेलंच होतं. स्वयंपाकवाल्या बाईनं बाट्या फोडून ठेवल्या होत्या आणि शेजारी वाटीत पातळ तूप. तो पाटावर बसला आणि त्यानं वाटी उचलली.

"आणि हा?" सायरबाईंनी मला हळूच विचारलं. "याला पथ्यानं काही होतं?"

"याला होतं. आत्तापासून केलं तर होतं."

चष्मा न घालताच त्या धावल्या. उंबऱ्याला ठेच लागली तरी थांबल्या नाहीत. त्यांनी मुलाच्या हातातली वाटी हिसकावून घेतली. तूप त्याच्या मांडीवर सांडलं.

"अगं बाई, काय झालं?" तो हसायलाच लागला. "कोरडी बाटी कशी गिळू?"

सायरबाई ती वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरून त्याच्यासमोर खाली बसल्या. "तुला चोविसावं ना रे?"

"पंचविसावं लागलं. कालपरवा तूच तर म्हणत होतीस."

त्या बोटांवर मोजायला लागल्या. पंचविसापासून पस्तिसापर्यंत आल्या, पुढे बेचाळिसापर्यंत गेल्या, आणि पुन्हा पहिल्या बोटावर आल्या. सुरेशचंदला वाटलं, लग्नाच्याच तारखांचा काही हिशेब चाललाय. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून तो लाजला आणि मान खाली घालून कोरडी बाटी चावू लागला.